जमेल तोवर रक्त नको

१ जुलै २००२, सोमवार
मैदानाचा तास. शिट्टी वाजलीच न्हाई. फुंकली, नुसती हवा गेली. खो-खोच्या पोरी हसल्या, मलाही हसू आलं. दुसऱ्यांदा जोर लावला तर डोळ्यांपुढं काळं आलं. खांबाला धरून खाली बसलो. मंग कुणी हसेना. पीटीचा मास्तर मी. ह्याच पोरींना रोज मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतो, अन् मला शाळेच्या फाटकापासून मैदानापर्यंत दोनदा थांबावं लागतं.
घरी सांगायचं न्हाई असं ठरवलं होतं. चपला काढायला वाकलो, तेवढ्यात दम लागला. सुनंदा बघून राह्यली होती. "अहो, ओठ बघा तुमचे. कागदासारखे झालेत."
आरसा बघितला न्हाई.

५ जुलै, शुक्रवार
औरंगाबाद. किडनीच्या डॉक्टर मॅडम. दोन वर्षं झाली त्यांची औषधं चालू आहेत. किडन्या तरी आटतच चालल्या. मशीनवर, म्हणजे डायलिसिसवर, जायची वेळ यायच्या आधीच अक्काची किडनी बसवायची, असं ठरलंय. अक्का माझी थोरली बहीण, मंठ्याला दिली. मे महिन्यात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मला वाटलं आज तारीख देतील.
मॅडमनी रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन, म्हणजे हिमो., ६.४. "सर, एवढ्यावर ऑपरेशन होणार नाही. आधी दहाच्या जवळ आणायला हवं."
मी म्हणालो, द्या मंग दोन बाटल्या रक्त.
"नेमकं तेच करायचं नाही." आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. रक्त हाडात तयार होतं, पण 'तयार कर' हा निरोप किडनी धाडते. माझ्या किडनीनं निरोप धाडणं बंद केलंय. तो निरोप आता इंजेक्शनातून द्यायचा. परक्याचं रक्त चढवलं तर शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं, आणि तीच तयारी उद्या अक्काच्या किडनीवर उलटू शकते. "म्हणून जमेल तोवर रक्त नको."
इंजेक्शन महाग आहे. आठवड्यातून दोनदा, दंडावर न्हाईतर पोटावर, कातडीखाली. सोबत लोहाच्या गोळ्या. इंजेक्शन थंड जागेत ठेवायचं.
बसमध्ये पाचोड आलं तशी सु. माझ्याकडं वळली. मंग म्हणाली, "मी शिकते टोचायला."

८ जुलै, सोमवार
सु.नं काल दिवसभर मोसंब्यांना पाणी टोचलं. आज पहिलं इंजेक्शन मला. टोचल्यावर तीच "आई गं" म्हणाली. मी न्हाई.
आपल्याकडं फ्रिज न्हाई. हायवेवरच्या रफिकभाईच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात डबा ठेवायचं ठरलं. रफिकभाई म्हणाले, "सर, बिलकुल फिकर करू नका. बाटल्या एक वेळ गरम होतील, तुमची दवा न्हाई होणार." लाईट रोज जाते, पण त्यांच्याकडं जनरेटर आहे.
सोमवार आणि गुरुवार.

२३ जुलै
रोज सकाळी अंथरुणातच अंदाज घेतो. आज बरं वाटतंय का? काल वाटलं. आज न्हाई. हात वर करून दोरीवर टॉवेल टाकायचा तर मधीच खाली येतो. कानात सतत धडधड, माझंच काळीज मला ऐकू येतं. भाकरी बेचव लागते.
मॅडम म्हणाल्या होत्या, निदान महिना तरी लागेल.
पोरींचा सराव खुर्चीत बसून घेऊन राह्यलो. तालुक्याच्या स्पर्धा सप्टेंबरात, अंबडला.

४ ऑगस्ट, रविवार
अक्का आणि दाजी आले. अक्कानं येताना शेतातल्या शेंगा आणल्या. किडनीच्या पथ्यात मला शेंगा चालत न्हाईत, तिला माहीत न्हाई. सु.नं हळूच बाजूला ठेवल्या. अक्का सारखी माझ्या नखांकडं बघून राह्यली होती.
"दिगू, कधी करायचं मंग?"
म्हणालो, रक्त वाढलं की.
दाजी ओसरीवर बसून होते. त्यांनी सही केलेली आहे, पण मनातून न्हाई. आज म्हणाले, "घाई कशाला? बाईमाणसाचं एक अंग काढायचं म्हणजे... बघू, औषधानंच फरक पडंल." अक्का आतून म्हणाली, "अंग माझं हाय." दाजींनी तोंड रस्त्याकडं केलं. 
त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत न्हाई.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
हिमो. ५.७. वाढायचं सोडून उतरलं.
मॅडम विचारत गेल्या. इंजेक्शन वेळेवर घेता? हो. कोण देतं? सु. पुढं झाली. कसं देता, दाखवा. तिनं दाखवलं. बरोबर आहे म्हणाल्या. "ठेवता कुठं?" फ्रिजात. "फ्रिजात कुठल्या जागी?"
उद्या बघून सांगतो म्हणालो.

१७ ऑगस्ट
सकाळीच रफिकभाईकडं. डबा वरच्या कप्प्यात होता, बर्फ जमतो तिथं. आत बाटल्यांवर पांढरा थर. एक हातात घेतली, पाणी न्हाई, खडा. सोमवार-गुरुवारी रफिकभाई सकाळीच एक बाहेर काढून ठेवायचे, सु.च्या हाती ती वितळूनच यायची.
रफिकभाईचा चेहरा बघवेना. "सर, वर जास्त थंड राहतं. कोल्ड्रिंकचं गिऱ्हाईक सारखं दार उघडतं, खाली गरम होईल म्हणून मी मुद्दाम वर ठेवलं. पहिल्या दिवसापासून." गोठलं की औषध मरतं, हे मॅडमनी सांगितलं असंल. थंड ठेवा एवढंच आमच्या कानात राह्यलं. रफिकभाईला तर आम्ही तेवढंच सांगितलं होतं.
म्हणजे इतके आठवडे सु. मला नुसतं पाणी टोचत होती.
ती घरी आली आणि मोरीत जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. "पहिल्यापासून धरू," एवढंच म्हणाली. नवीन बाटल्या आणायला मीच जातो म्हणालो. तिनं मला जाऊ दिलं न्हाई. ती गेली.

२९ ऑगस्ट, गुरुवार
नवीन औषध चालू. आता खालच्या कप्प्यात, रफिकभाईनं तिथं बाटल्या ठेवायच्या बंद केल्या.
अंगात काही न्हाई. घरातून संडासपर्यंत जाणं म्हणजे गाव ओलांडल्यासारखं. संडास काळी होते. लोहाच्या गोळ्यांनी होते म्हणून मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. पोटात वरच्या बाजूला आग.
सु. म्हणाली, जालन्याला दाखवू. मी म्हणालो, दाखवलं की ते रक्त चढवतील. कुठलाही डॉक्टर माझं तोंड बघून पहिलं तेच करंल.
मंग तिला बसवून सांगितलं. काही झालं तरी रक्त न्हाई. अक्काची किडनी हातची जाईल. एवढं एकच माणूस आहे माझ्यासाठी, दुसरं कोणी न्हाई. वचन दे.
ती भाकरी थापत होती. थापतच राह्यली. वचन दिलं का न्हाई ते मला कळलं न्हाई. मी दिलं असं धरलं.

७ सप्टेंबर, शनिवार
अंबडला स्पर्धा. सु. नको म्हणत होती. हेडमास्तरही म्हणाले, दुसऱ्या कुणाला धाडतो. पण पोरी मी तयार केल्यात. जीपमध्ये पुढं बसून जातो, खुर्चीतच बसंन.
सकाळपासून छातीवर कुणीतरी पाट ठेवलाय. पोरी अंगणात येऊन थांबल्यात. आल्यावर लिह

१२ सप्टेंबर, गुरुवार
जालना. खाजगी दवाखाना. खाटेवर बसून लिहून राह्यलो, अक्षर माझंच वाटत न्हाई.
अंबडचं मला एवढंच आठवतं: आपल्या पोरी पळतीवर होत्या आणि ऊन हिरवं दिसत होतं.
बाकी सगळं ऐकलेलं. खुर्चीतून पडलो. जीपमध्येच रक्ताची उलटी. जालन्याला आणलं तेव्हा हिमो. ३.८. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. काळं होत होतं ते नुसतं गोळ्यांमुळं न्हाई.
मनगटाजवळ पट्टी होती. नर्सला विचारलं, सलाईन का? ती सहज म्हणाली, "सलाईन पण, आणि तीन बाटल्या रक्त. नशीब तुमचं."
सु. दाराशी उभी होती. ऐकलं तिनं. मी तिच्याकडं बघितलं, मंग भिंतीकडं.

१४ सप्टेंबर
हिमो. ६.९. गालावर रंग आलाय म्हणतात. खरं सांगायचं तर बरं वाटून राह्यलंय. डोकं साफ. कानातली धडधड कमी. तीन महिन्यांत पहिल्यांदा वरणाला चव लागली. आणि त्याचाच राग येऊन राह्यला. हे परक्याचं आहे. ह्याच्यामुळं अक्काचं जाणार.
आज बोललो शेवटी. "तुला सांगून ठेवलं होतं."
सु. फळ चिरत होती. सुरी खाली ठेवली. "हो, सांगितलं होतं. मी डॉक्टरला सांगितलं पण. दोनदा. तुमची फाइल दाखवली, औरंगाबादला फोन लावायला लावला. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. इथले डॉक्टर म्हणाले, बाई, थांबायचं तर थांबू, पण मंग किडनी कुणाला बसवायची? सांगा, मी काय सांगायला पाहिजे होतं?"
मी म्हणालो, थोडं थांबायचं.
"थांबले. तुमचे डोळे वर गेले तेवढं थांबले. मला त्या टायमाला एकच वाचवता येत होतं. मी तुम्हाला वाचवलं. आता बोला काय बोलायचं ते."
मी भिंतीकडं वळलो. शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकत होते.
ती बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आली, हातात माझी औषधं. वेळेवर.

१७ सप्टेंबर, मंगळवार
घरी आणलं. शाळेतल्या मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचा आवाज ओसरीवर ऐकला. दरवर्षी संचलन मी घ्यायचो.
दुपारी अक्का-दाजी. सु.नंच सगळं सांगितलं, काही न लपवता. अक्का माझ्या पायाशी बसली. "माझी किडनी कुठं पळून चालली? हाय तिथंच हाय. आधी तू तर राह्य." तिनं सु.च्या पाठीवर हात ठेवला. सु. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिथंच होतो, अन् हात ठेवला तो अक्कानं.
दाजी निघताना म्हणाले, "आता न्हाई जुळलं तर न्हाई जुळलं. देवाच्या मनात नसंल." आवाजात हलकेपणा होता. मला तो ऐकू आला, आणि त्यांनाही ऐकू आला असावा. चप्पल घालायला उगीच वेळ लावला त्यांनी.

२० सप्टेंबर, शुक्रवार
औरंगाबाद. पोटात नळी घालून बघितलं. जखम भरत आलीय.
मी मॅडमना म्हणालो, माझ्या माणसांनी तुमचं ऐकलं न्हाई. सु. शेजारीच. मॅडमनी चष्मा काढला.
"सर, मी 'जमेल तोवर' म्हणाले होते. 'मरेपर्यंत' नाही. तीन पॉइंट आठला मी असते तरी हेच केलं असतं, आणि तुमच्या पत्नीइतकं विचारलंही नसतं."
जमेल तोवर. हे शब्द मी ऐकले होते. घरी येईपर्यंत पुढचा 'नको' तेवढा उरला.
किडनीचं काय? सांगता येत न्हाई म्हणाल्या. काहींच्या शरीरात विरोध तयार होतो, काहींच्या न्हाई. थांबून अक्काच्या पेशींशी परत जुळवून बघायचं. तोवर इंजेक्शन चालू. पण आता लोह गोळीनं न्हाई, शिरेतून. जखमेतून सगळं वाहून गेलंय, लोह नसंल तर इंजेक्शन तरी कशाचं रक्त करंल.
जाताना-येताना सु. खिडकीशी. मी तिला माफ कर म्हणालो न्हाई. आमच्या वडीगोद्रीला उतरताना तिनं हात पुढं केला, मी धरला. उतरल्यावर सोडला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
शिरेतून लोह, दुसरी खेप. सलाईन चहासारखं तपकिरी. पहिल्या खेपेला आधी थोडंसंच देऊन माझ्याकडं बघत बसले होते, अंगावर उठतं का म्हणून. आज तसं काही न्हाई. तोंडात खिळा चघळल्यासारखी चव.
हिमो. ७.२.

१० ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी उठलो तो डोकं फुटायला आलेलं. डोळ्यांपुढं काजवे. सु.नं गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. प्रेशर १९०/११०. त्यांनी औरंगाबादला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, रक्त वाढताना प्रेशर चढतं, आजचं इंजेक्शन देऊ नका, प्रेशरची गोळी वाढवा, फिट येऊ शकते, एकटं सोडू नका.
दिवसभर सु. माझ्या उशाशी. वाऱ्यानं दार वाजलं तरी दचकायची. ओला पंचा कपाळावर. मधेच मी म्हणालो, तू जेव. ती म्हणाली, "माझं काय, मी जेवते." जेवली न्हाई.
संध्याकाळी १६०. तेव्हा तिनं भिंतीला पाठ टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. तोंड थोडं उघडं. किती वाळलीय. रक्त माझं मोजून राह्यलेत सगळे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
८.४. इंजेक्शन थोडं कमी करून परत चालू. प्रेशर ताब्यात. पण किडनीचा आकडा वाढलाय, म्हणजे किडनी आणखी आटली. मॅडम म्हणाल्या, मशीन फार लांब नाही; दिवाळीनंतर लगेच जुळवणी करू.
एकीकडं चढतंय, एकीकडं उतरतंय.
शाळेत गेलो. फाटकापासून मैदानापर्यंत न थांबता. पोरी अंबडला हरल्याच होत्या, माझ्यामुळं. एकीनंही तसं म्हटलं न्हाई. "सर, पुढच्या वर्षी," म्हणाल्या. पुढच्या वर्षी हा शब्द मी इतक्यात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

६ नोव्हेंबर, बुधवार
भाऊबीज. एकटा मंठ्याला गेलो. सु. नको म्हणाली न्हाई, नुसती गोळ्यांची पुडी खिशात घातली.
अक्कानं ओवाळलं. ताटात तिनं माझ्यासाठी वेगळं, बिनमिठाचं केलं होतं. कुठून शिकली काय माहीत. सु.ला विचारलं असंल.
दाजींनी मला शेतात नेलं. कापसाच्या कडेनं दोघं चाललो. ते थांबत होते, मला दम लागंल म्हणून. मला लागत नव्हता. शेवटी बोलले. "दिगंबर, मी मनात मागितलं होतं जुळू नये म्हणून. त्या दिवशी तू मरतोय असा निरोप आला अन् मला आधी काय वाटलं ते सांगत न्हाई. आता काय मागावं तेच समजंना." मी म्हणालो, दाजी, मीही तुमच्या जागी असतो तर... वाक्य पुरं झालं न्हाई. त्यांनी बांधावरची बोरं तोडून दिली. मला चालत न्हाईत. मी एक खाल्लं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
९.७.
मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आता रक्ताची अडचण नाही." म्हणजे दुसरी आहे.
अक्काचं आणि माझं रक्त घेतलं, मुंबईला जाणार. अक्काच्या जिवंत पेशींत माझ्या रक्तातलं पाणी घालतात. पेशी जगल्या तर हो. मेल्या तर न्हाई. इतकं साधं.
सुई निघाल्यावर अक्का कापूस दाबत म्हणाली, "माझ्या पेशी मरायच्या न्हाईत. सासूबरोबर तीस वर्षं काढलीत त्यांनी." सु. हसली. मी पण. बाकावरचे इतर पेशंटही.


२७ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमनी बोलावून घेतलं. फोनवर सांगितलं न्हाई.
'हो' न्हाई. 'न्हाई'ही न्हाई. थोड्या पेशी मेल्या, बऱ्याच जगल्या. "पुसट विरोध दिसतोय. रक्तामुळं आला असेल, कदाचित आपोआप उतरेलही. परत जुळवू." उतरला न्हाई तर? अक्काची घेता येणार नाही. उतरेपर्यंत माझी किडनी टिकली न्हाई तर? मशीन.
"आणि हिमोग्लोबिन पडू देऊ नका. पुन्हा रक्त लागलं तर हा विरोध वाढेल." हे त्या माझ्याकडं न्हाई, सु.कडं बघून म्हणाल्या.
सु.नं मान हलवली.
अक्काला फोनवर कळवलं. "मंग परत येते," म्हणाली. मागं दाजींचा आवाज, "विचार कधी यायचं ते." त्याच्यात काय होतं ते मला ओळखता आलं न्हाई.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. ऊन चांगलं. सु. पाणी भरून आली आणि हंडा न उतरवता तशीच उभी राहिली.
"अहो, एक विचारू?"
विचार म्हणालो.
"परत तसं झालं. तुम्हाला शुद्ध न्हाई, डॉक्टर म्हणतोय आत्ताच्या आत्ता सांगा. मी काय सांगू?"
म्हणालो, तुला बरोबर वाटंल ते सांग. माझा राग न्हाई आता.
"असं न्हाई." तिनं हंडा खाली ठेवला. "मागच्या टायमाला मला वाटलं ते मी केलं, अन् तुम्ही आठ दिवस भिंतीकडं तोंड करून राह्यले. आता तुमच्या तोंडानं ऐकायचंय मला. शुद्धीत हायेत तोवर."
रक्त दे म्हणालो तर अक्काची किडनी मीच सोडली. देऊ नको म्हणालो तर तिच्या हातानं मला मरू दे असं तिला सांगितलं. दोन्ही वाक्यं तोंडाशी आली. दोन्ही वेळा तिच्याकडं बघितलं. ती वाट बघत उभी, ओल्या पदराचं टोक पिळत.
म्हणालो, दुपारपर्यंत सांगतो.
ती बरं म्हणाली. खरंच बरं म्हणाली, टोमण्यानं न्हाई.
आता दुपार झाली. गुरुवार आहे. तिनं इंजेक्शन रफिकभाईकडून आणून ठेवलंय, मोरीत हात धुऊन राह्यली. पाण्याचा आवाज थांबला.